आहेर सर आणि तोंडातला रुमाल

"तुमच्या घरात शेवटचं कोण पडलं?"

आहेर सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नोकरी मागायला गेले होते. बायोडाटा नेला होता, त्यात बी.एड. होतं, एकांकिका स्पर्धांची चार सर्टिफिकिटं होती. आणि हा माणूस गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या बंगल्यात, व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्या घरचं कोण पडलं ते विचारत होता! मी मुळात तापट. सातपूरच्या कामगार कॉलनीत, नळावरच्या भांडणांत तयार झालेली. उठून निघणारच होते, पण तोंडातून निघून गेलं, "पप्पा पडले. मागच्या आठवड्यात, ट्यूबलाइट बदलताना, स्टुलावरून."

"लागलं का?"

"नाही."

"पडल्यावर आधी काय केलं त्यांनी?"

पप्पांनी आधी दाराकडे बघितलं होतं, शेजारचे काका बघतायत का ते. मग उठून स्टुलालाच एक चापट मारली होती. हे सांगितलं तशी सर खुर्चीत पुढे सरकले. "हां! माणूस पडतो त्यात काही गंमत नाही हो. पडल्यावर तो आधी दाराकडे बघतो ना, ती गंमत. आणि तुम्ही ते लक्षात ठेवलंत. उद्यापासून या." बायोडाटा त्यांनी उघडलाही नाही. दोन दिवसांनी तो मला चहाच्या थर्मासखाली सापडला.

अशी मी त्या विनोदी मालिकेत लागले. एका घरातले तीन भाऊ आणि वरच्या मजल्यावरची खाष्ट घरमालकीण, एवढीच गोष्ट. पण आठवड्याचे पाच दिवस लोक ती बघायचे. सगळं शूटिंग त्याच बंगल्यात व्हायचं. माझं काम वही सांभाळायचं. कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर होता, कप कुठल्या हातात होता, कोण कुठल्या शब्दावर उठला, सगळं टिपायचं, म्हणजे पुढचा शॉट मागच्याला जुळतो. माझ्या हातात कायम वही आणि लाल पेन बघून सर मला 'मास्तरीण' म्हणायला लागले, आणि तिसऱ्या दिवशीच अहोवरून अगंवर आले.

सर बुटके, पोट सुटलेले, बारा महिने अर्ध्या बाहीचा शर्ट. खिशाला दोन पेनं, दोन्ही न चालणारी. पांढरे केस मानेपर्यंत वाढवलेले, कान पार झाकलेले. विनोदी मालिकांचा दिग्दर्शक म्हणजे हसतमुख माणूस असेल असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. सरांचा चेहरा तेराव्याला आलेल्या पाहुण्यासारखा. बोलण्यात शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. एखाद्या नटाचं काम आवडलं नाही तर फक्त एवढंच म्हणायचे, "हसू उनं नही." म्हणजे हसू आलं नाही. सर मूळचे देवळ्याचे. घरची बोली अहिराणी, आणि मन दुखावलं की ते त्या बोलीत जायचे. ते तीन शब्द ऐकले की भलेभले नट पाणी प्यायला जायचे.

आता रुमालाचं सांगते. इतर सेटवर शॉटच्या आधी 'सायलेन्स' ओरडतात. आमच्याकडे सर म्हणायचे, "रुमाल!" त्यासरशी लाइटवाले, मेकअपवाल्या, चहावाले अण्णा, झाडून सगळे खिशातून रुमाल काढून तोंडात धरायचे. कारण शॉट चालू असताना कुणी हसलं तर ते हसू रेकॉर्ड होतं आणि शॉट वाया जातो. पण सरांना माणसं हसायला तर हवी होती. म्हणून हसा, पण रुमालात हसा. मी नवी होते तेव्हा मला हा पोरखेळ वाटला. आठव्या दिवशी मधल्या भावाने बायकोला समजावताना चुकून सासूचा हात धरला, आणि मी रुमालाचा कोपरा चावून फाडला. सर मॉनिटरकडे बघतच नव्हते. ते आमच्याकडे बघत होते. आमचे खांदे किती हलतात ते. खांदे हलले की शॉट ओके.

एकदा मुंबईहून वाहिनीचा माणूस आला. निखिल त्याचं नाव, वय कोवळं, बोलणं गोड. म्हणाला, "सर, आपण रेकॉर्डेड लाफ्टर टाकू या. सगळे टाकतात."

सर म्हणाले, "निखिल, पंगत आपली, स्वयंपाक आपला. मग ढेकर भाड्याने कशाला आणायचे?"

निखिलला राग आला की हसू ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ढेकर राहिले ते राहिलेच.

सरांना टायमिंग कुणी शिकवलं, असं एका नव्या नटाने विचारलं होतं. सर म्हणाले, "पॉवर प्रेसने." मला आधी थट्टा वाटली. पण खरंच, मुंबईला जायच्या आधी सरांनी सातपूरला एका कारखान्यात आठ वर्षं प्रेसवर काढली होती. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, प्रेस खाली येणार. हात लवकर काढला तर पत्रा वाकडा, उशिरा काढला तर बोटं गेली. "विनोदात पण तेच. लवकर बोललास तर वाकडं, उशिरा बोललास तर मेलं." नटाने मान डोलावली. मला मात्र त्या रात्री पप्पांची आठवण झाली. पप्पाही प्रेसवरच होते, आणि आमच्या घरी टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. दोन आणि दोन चार मला तेव्हाच जुळवता आले असते. नाही जुळवले.

ते जुळले ते आक्कामुळे. सरांची थोरली बहीण, देवळ्यालाच राहते, सत्तरीची. आजही कांदे साठवायच्या चाळीवर बसून बायकांकडून निवडणी करून घेते. सर प्रत्येक एपिसोडचा मुख्य सीन दुपारी जेवल्यावर फोन लावून तिला वाचून दाखवायचे. स्पीकरवर. आक्का हसली तर सीन पास, नाही हसली तर लेखकाला परत. बाईला खोटं हसता येत नाही, हीच तिची डिग्री, असं सर म्हणायचे.

त्या दिवशी सर ओट्यावर बसून रंगात येऊन वाचत होते. वाचून संपलं. फोनमधून आक्का म्हणाली, "हाई काय लिखेल शे रे? माले हसू उनं नही."

सर आमच्याकडे वळले. "बघा, हसली. पास."

"आरे भाऊ, ऐकस का? मी कवयनी सांगी राहिनू, हसू उनं नही!"

"बरं आक्का, ठेवतो. तब्येत सांभाळ." आणि फोन ठेवला.

मी वही हातात धरून थिजले. पलीकडे केबल गुंडाळत बसलेले रफिकभाई, आमचे आवाज घेणारे, जुन्या नाशकातले, त्यांनी मान वर केली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सर पान थुंकायला उठून गेल्यावर मी हळूच म्हटलं, "रफिकभाई, सरांना..."

"सहा महिन्यांपासून मालूम आहे मला," ते म्हणाले. "मी आवाजाचा माणूस आहे ताई. मला नाही कळणार तर कुणाला?"

तेव्हा सगळं उलगडलं. खांद्यांकडे बघणं म्हणजे नुसता विक्षिप्तपणा नव्हता. आठ वर्षं प्रेसचा दणका खाल्लेल्या कानांनी सोडलं होतं, म्हणून सर डोळ्यांनी ऐकत होते. आणि हे वाहिनीला कळलं असतं तर? संवादांवर चालणारी मालिका, तिचा दिग्दर्शक बहिरा, कोण ठेवेल? दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली असती. सरांकडे त्या खुर्चीशिवाय काय होतं? बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी साडेसातला हा माणूस सेटवर हजर व्हायचा आणि पॅकअप झालं की लाइट बंद होईस्तोवर घुटमळत राहायचा.

मी आणि रफिकभाईंनी काही ठरवलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. शॉट चालू झाला की मी संवाद उतरवलेली वही सरांच्या मांडीशी धरायची आणि चाललेल्या संवादाखालून बोट सरकवायची. कुणी शब्द खाल्ला तर बोट थांबायचं. आवाजात खरखर आली तर रफिकभाई उगाच डोकं खाजवायचे. सरांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. सहा-सात महिने आमचं हे बिनबोभाट चाललं. मला वाटायचं आपण किती हुशार!

मग तो कुसुमताईंचा दिवस उजाडला.

कुसुमताई म्हणजे मालिकेतली घरमालकीण. पंचाहत्तरीच्या, चाळीस वर्षं नाटकात घालवलेल्या. त्या जिन्यावरून खाली येऊन तिन्ही भावांना पाण्याच्या टाकीवरून झापतात, असा सीन होता. सर म्हणाले, "रुमाल!" ताई उतरल्या, बोट उगारलं, पहिलं वाक्य फेकलं, आणि पुढचं साफ विसरल्या. पण हाडाची नटी ती, थांबते कसली? तोच संताप, तेच डोळे, आणि एकेका भावाकडे बोट रोखून म्हणाल्या, "सकाळी उपाशीपोटी एक पांढरी! जेवल्यावर दोन गुलाबी! आणि झोपताना ती कडू, अर्धी! अर्धीच! समजलं?"

स्वतःच्या गोळ्यांची यादी! जी रोज पाठ होती ती बाहेर पडली. तिन्ही भाऊ खरोखरच घाबरून "हो" म्हणाले. आमचे खांदे काय, अख्खे देह गदागदा हलत होते. अण्णा तर जमिनीवर बसले. माझं बोट केव्हाच थांबलं होतं, पण सर वहीकडे बघत नव्हते. त्यांना दिसत होते फक्त पस्तीस माणसांचे खांदे.

"ओके! झकास!" सर उठले. "पुढचा लावा."

"अहो काय ओके?" कुसुमताई म्हणाल्या. "मी गोळ्यांची यादी म्हटली!"

सरांनी प्रेमाने मान हलवली. "तुमचं काय ताई, तुमचं नेहमीच चांगलं होतं."

कुणी हसलं नाही. एकेक रुमाल खाली आला. सरांनी एक चेहरा बघितला, दुसरा बघितला, आणि माझ्याकडे वळले. "मास्तरीण, काय म्हणाल्या त्या? लिही."

मी लिहिलं. सरांनी वाचलं आणि ते हसले. सेटवर पहिल्यांदा, खदाखदा, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसले आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

"उजवा कान गेलाय," ते म्हणाले. "डाव्यातून भांडं पडल्यासारखं काहीतरी येतं. दोन वर्षं झाली. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. वाहिनीला कुणाला सांगायचं असेल त्यांनी खुशाल सांगा, मी राग धरणार नाही."

कुसुमताई बोलल्या, सरांच्या कानाशी वाकून, मोठ्याने. "मला आठवत नाही, तुला ऐकू येत नाही. आपलं बरं जमेल!"

तो शॉट सरांनी तसाच ठेवला. लेखकाला बोलावून मागचा-पुढचा सीन गोळ्यांभोवती बदलून घेतला. एपिसोड लागला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीतली पोरं एकमेकांना "कडू, अर्धी!" म्हणून ओरडत होती.

सेटवरून मुंबईला कुणी फोन केला नाही. देवळ्याला मात्र गेला. रफिकभाईंनी केला, आणि दोन दिवसांनी आक्का एसटीने दाखल. हातात कांद्यांची पिशवी, नऊवारी, आणि सरळ सरांच्या खुर्चीपुढे. "डोयाले चष्मा लावस ना? मंग कानले मशीन लावाले काय लाज वाटस?" सर म्हणाले, विनोदी माणसाच्या कानात मशीन म्हणजे लोक हसतील. आक्का म्हणाली, हसले तर चांगलंच की, तेवढ्यासाठीच तर जन्म घालवलास! हात धरून घेऊन गेली डॉक्टरकडे. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, मशीन यायला वेळ लागेल.

पण पस्तीस माणसांचं गुपित किती दिवस गुपित राहतं? पंधरवड्यात निखिल आला. सर नेहमीच्या खुर्चीत पाठमोरे बसून पुढचा सीन वाचत होते. त्यांच्यामागे चार हातांवर उभं राहून निखिल मला म्हणाला, आवाज जेमतेम खाली आणून, "मॅडम, तुम्हाला सगळं काम येतं. पुढच्या महिन्यापासून तुम्हीच दिग्दर्शन घ्या. सरांना आपण छान निरोप देऊ. सत्कार वगैरे."

खोटं कशाला बोलू, ती खुर्ची मला हवी होती. बारा वर्षांची असल्यापासून हवी होती. पण ज्या तऱ्हेने तो बोलला ना, चार हातांवर माणूस बसलाय आणि त्याच्या निरोपाचं बोलणं त्याच्या पाठीला लावून चाललंय, माझं डोकंच सटकलं.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "एखाद्याच्या माघारी बोलतात ते तरी ठीक. तुम्ही समोर बोलताय, त्यांना ऐकू येत नाही म्हणून! मला जे येतं ते त्यांनी शिकवलंय. मला बापासारखे आहेत ते. त्यांना काढून त्या खुर्चीत मी बसणार नाही. आणि सत्कार करायचा तर स्वतःचा करा!"

निखिल गोरामोरा. तेवढ्यात सरांनी पान उलटलं आणि मागे न वळताच म्हणाले, "निखिल, ती रागात नाही म्हणतेय. ती करेल."

मग वळले आणि दोन्ही हातांनी कानांवरचे केस मागे सारले. दोन्ही कानांत मशीन! तीन दिवसांपासून घालून बसला होता हा माणूस, कुणाला न सांगता. सेटवर कोण त्यांच्याबद्दल काय बोलतं ते सगळं मुकाट ऐकत होता.

"आता मला ऐकू येतं," सर निखिलला म्हणाले. "तुम्ही हळू बोललात तेही आलं. काढायचं असेल तर जरूर काढा, पण आता कारण दुसरं शोधावं लागेल."

निखिलला दुसरं कारण सापडलं नाही. गोळ्यांच्या एपिसोडनंतर ते सापडणं कठीणच होतं. तो चहा पिऊन गेला, आणि मग माझी आणि सरांची जुंपली.

"मला न विचारता 'ती करेल' कसं म्हणालात?"

"तू मला न विचारता नाही कशी म्हणालीस? बाप म्हणतेस ना? मग बापाला काय हवं असतं, पोरीने जन्मभर त्याच्या मांडीशी वही धरावी?"

शेवटी ठरलं, आठवड्याचे दोन एपिसोड मी करायचे, तीन सरांनी. वाहिनीनेही मानलं.

मालिका त्यानंतर दीड वर्ष चालली. आता सर देवळ्यात असतात, तिथल्या शाळांमधल्या मुलांची नाटुकली बसवतात. आक्काशी भांडतात, कारण आता तिचं बोलणं सगळंच्या सगळं ऐकू येतं. परवा फोनवर म्हणाले, मशीनचा हा एकच तोटा आहे बघ. पण सर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो माझ्या पहिल्या दिग्दर्शनाचा दिवस, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी मी त्यांना पाहिलंच नाही.

त्यांनी आधीच सांगितलं होतं, "मी येणार नाही. आलो तर सगळे माझ्या तोंडाकडे बघतील, तुझ्या नाही." मी वरवर हो म्हटलं, पण मनातून फार वाईट वाटलं. वाटलं, एवढंच का आपलं मोल? दिवसभर राबले. घसा बसेपर्यंत ओरडले. मधल्या भावाला एका वळण्यासाठी अकरा वेळा वळवलं, कुसुमताईंशी वाद घातला, मग त्यांच्या पाया पडले. संध्याकाळी पाय ओढत फाटकापाशी आले तर आमचा वॉचमन सोमनाथ, पेठकडचा, खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"ताई, सर आलते."

"कधी?"

"दुपारच्याला. इथंच भिंतीला टेकून दोन तास बसेल व्हते. उन्हात. मी म्हटलं आत जा, तर नाय म्हणाले. जाताना म्हणाले, तिला सांगू नको."

"मग काय केलं इथे बसून?"

"ऐकत व्हते." सोमनाथने कानाला हात लावून दाखवला. "एकदा तर लय हसले. एकटेच. पोट धरून."

मी घाईघाईने विचारलं, "कुठल्या सीनला रे? टाकीच्या? की जिन्यावरच्या?"

"सीनबीन मला काय म्हाईत, ताई," सोमनाथ म्हणाला. "तुम्ही आतून वरडत व्हत्या ना, तवा."